पेढा नापास झाला

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी बोलायला नको, आमचा पेढा परीक्षेत नापास झाला. पेढा म्हणजे आमचा लॅब्राडोर, वय ५, वजन ३४ किलो, रंगावरून नाव पडलं. बिल्डिंगमधली पोरं त्याच्या अंगावर लोळतात, कुरिअरवाला त्याला नावाने हाक मारतो, आजवर कुणावर साधा गुरगुरलेला नाही. मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ११ दिवस ती हॉस्पिटलात होती आणि रोज मी डबा घेऊन गेलो की पहिला प्रश्न "पेढा जेवला का?", माझं ऑफिस, पोरांच्या परीक्षा हे सगळं त्याच्यानंतर. एक दिवस म्हटलं व्हिडिओ कॉल लावून देऊ, तर या पठ्ठ्याने फोनकडे ढुंकूनही बघितलं नाही, स्क्रीनमधली आई त्याला कळलीच नाही, तो आपला सोफ्याखाली गेलेला बॉल काढत बसला आणि इकडे आई "असू दे, खेळू दे त्याला" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली.

तेव्हा डोक्यात किडा शिरला. परदेशात कुत्री हॉस्पिटलात जातात, पेशंटजवळ बसतात, त्याला थेरपी डॉग म्हणतात, हे ऐकून होतो. म्हटलं आपला पेढा काय वाईट आहे? वॉर्डाच्या दारावर विचारलं तर सिक्युरिटीवाला हसायलाच लागला, "साहेब, इथे माणसाला दुसरा पास मिळत नाही." खरं होतं त्याचं. तर मग मी शोधाशोध करून, जी मंडळी अशी कुत्री तयार करतात त्यांच्याकडे पेढ्याला घेऊन गेलो, आईसाठी नाही तर निदान दुसऱ्या कुणाच्या आईसाठी, असा उदात्त वगैरे विचार करून.

परीक्षा साधी दिसते पण साधी नसते. अनोळखी माणूस येऊन कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवतो, मग जरा धसमुसळेपणाने, कान ओढून, कारण पेशंटचा हात कापत असतो, मुठीत केस धरले जातात. एक जण वॉकर घेऊन ठकठक करत जातो. व्हीलचेअर अगदी शेपटीजवळून. दोन माणसं मोठ्याने भांडण करतात. जमिनीवर बिस्किट टाकतात आणि कुत्र्याने ते उचलायचं नाही, कारण उद्या वॉर्डात तिथे कुणाची तरी गोळी पडलेली असू शकते. आणि शेवटी पाठीमागे स्टीलचा ट्रे दाणकन आपटतात.

बिस्किटाचं काय झालं ते लॅब पाळणाऱ्यांना सांगायची गरज नाही. पण ते एक वेळ शिकवता आलं असतं. ट्रे पडला तेव्हा पेढा माझ्या दोन पायांच्या मधे घुसला, शेपटी आत, जीभ सारखी नाकावरून, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, आणि पुढची दहा मिनिटं तो तसाच. ज्या बाई परीक्षा घेत होत्या त्या मला म्हणाल्या, "कुत्रा गुणी आहे हो तुमचा. पण यायचंय ते तुम्हाला, त्याला यायचं नाहीये."

आठवडाभर मी घुश्श्यात होतो. आता वाटतं की या विषयावर जेवढं काही बोललं जातं त्यातलं हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी बोलत नाही.

आपल्याकडे काय होतं बघा. हॉस्पिटलांचे दोनच पवित्रे. एक, कुत्रा म्हटलं की नाही, विषय संपला, चर्चा नाही, कारण नाही. दुसरा म्हणजे 'पेट डे'. असा एक पेट डे मी स्वतः बघितलाय, आमच्याच बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही, कारण हे एकट्याचं दुखणं नाही). लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर फुगे, बॅनर, मार्केटिंगवाले, फोटोग्राफर, आणि चार कुत्री, सगळी कुणाकुणाच्या ओळखीतून आलेली, एकाच्या गळ्यात बो टाय. एक हस्की, मे महिन्यात, ज्याची जीभ जमिनीला टेकायची बाकी होती. एक पोरगं आईच्या ओढणीत तोंड लपवून किंचाळतंय आणि ती आई त्यालाच दटावतेय की "बघ किती गोड आहे, हात लाव, काका फोटो काढतायत." कुणाची लसीची वही बघितली? सॅनिटायझर कुठे होतं? एक गोल्डन रिट्रीव्हर सारखा जांभया देत होता आणि सगळे म्हणत होते, "बघा किती रिलॅक्स आहे." कुत्र्यांचं थोडं वाचलेला कुणीही सांगेल की अशा गर्दीत जांभई म्हणजे झोप नव्हे, ताण. दोन तास तो जांभया देत होता!

माझं म्हणणं या दोन्हींच्या मधलं आहे आणि ते जरा कंटाळवाणं आहे. हॉस्पिटलांनी कुत्र्यांना आत घ्यावं, नक्की घ्यावं, पण पाहुणे म्हणून नको आणि खेळणी म्हणून तर अजिबात नको. ड्युटीवर आलेला स्टाफ म्हणून घ्यावं. म्हणजे फाइल पाहिजे, मेडिकल पाहिजे, ड्युटीची वेळ ठरलेली, हजेरीचं रजिस्टर, वरिष्ठ कोण ते ठरलेलं, आणि थकल्यावर घरी जायचा हक्क. आणि भरतीत बहुतेक जण नापास होणार हे आधीच मान्य करायचं, माझा पेढा धरून.

ही कल्पना काही इन्स्टाग्रामच्या जमान्यातली नाही. नर्सिंगची जननी म्हणतो आपण त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६०च्या सुमाराला लिहून ठेवलंय की आजारी माणसाला, विशेषतः ज्याचा आजार लांबलाय त्याला, एखादा छोटा पाळीव प्राणी फार चांगली सोबत करतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडलेली स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरियर, वजन जेमतेम पावणेदोन किलो, बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने पाळली होती. त्याला डेंग्यू झाला, मित्रांनी स्मोकीला हॉस्पिटलात आणलं, मग नर्सेसच तिला दिवसा जखमी सैनिकांकडे फिरवायला लागल्या आणि रात्री ती विनच्या बेडवर. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बोरिस लेविन्सन या बालमानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की जे मूल आपल्याशी तोंड उघडत नाही ते आपल्या जिंगल्स या कुत्र्याशी बोलतंय. तेव्हा सहकाऱ्यांनी त्याची टर उडवली होती. १९७६ साली एलेन स्मिथ या नर्सने न्यू जर्सीत थेरपी डॉग्सची संघटना काढली, ती आधी इंग्लंडमध्ये काम करत असताना तिने एका धर्मोपदेशकाबरोबर येणारा गोल्डन रिट्रीव्हर बघितला होता. १९८३पासून ब्रिटनमध्ये 'पेट्स ॲज थेरपी' चालू आहे. आपल्याकडेही शून्य नाही, ॲनिमल एंजल्स फाउंडेशन मुंबईत बरीच वर्षं हे काम करतंय, आणि २०२३मध्ये मुंबई एअरपोर्टच्या टी-२वर थेरपी डॉग्स आले तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो होते. म्हणजे बघा, फ्लाइट लेट झाल्यामुळे वैतागलेल्या माणसासाठी कुत्रा आहे, आणि बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्यासाठी नाही.

परळला जरा उभं राहिलं की हे आणखी जाणवतं. केईएम, टाटा, वाडिया, सगळी हॉस्पिटलं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्याच परळला बैलघोडा हॉस्पिटल, जनावरांचं, एकोणिसाव्या शतकातलं. कुत्र्यांसाठी हॉस्पिटल आपण तेव्हा बांधलं, हॉस्पिटलासाठी कुत्र्याचा विचार अजून नाही. आणि तिथल्या फुटपाथवर बिहार, बंगालहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं महिनोन्‌महिने राहतात, त्यांच्या पथाऱ्यांना टेकून भटकी कुत्री झोपलेली असतात. डोक्याला स्कार्फ बांधलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी एका कुत्र्याला अर्धं पार्ले-जी देताना मी बघितली, अर्धं तिने खाल्लं. बघायला किती छान, आणि केमोने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलीसाठी किती धोक्याचं. ते कुत्रं कुणी तपासलेलं नाही, त्याला लस आहे की नाही कुणाला ठाऊक नाही. म्हणजे कुत्रा आणि पेशंट यांची गाठ पडायची ती पडतेच, फक्त जिथे कुणाचंच लक्ष नाही तिथे पडते.

आता पुराव्याचं बोलू, कारण कुत्राप्रेमी मंडळी (मीही त्यातलाच) इथे फार थापा मारतात. "विज्ञानाने सिद्ध झालंय की कुत्र्याच्या डोळ्यात बघितलं की ऑक्सिटोसिन वाढतं." हे जपानमधल्या संशोधकांचं २०१५चं काम, 'सायन्स'मध्ये छापलेलं, खरं आहे, पण ते कुत्रा आणि त्याचा स्वतःचा मालक यांच्यातलं आहे. दहा मिनिटांसाठी आलेल्या अनोळखी कुत्र्यालाही तेच लागू, असं त्यातून निघत नाही. त्यापेक्षा २००७चा लॉस एंजेलिसचा अभ्यास बरा, हार्ट फेल्युअरचे ७६ पेशंट, तीन गट, एकाकडे १२ मिनिटं स्वयंसेवक आणि कुत्रा, दुसऱ्याकडे नुसता स्वयंसेवक, तिसऱ्याकडे कुणीच नाही. कुत्रावाल्या गटाची काळजी, घालमेल सगळ्यात जास्त उतरली. मला यातला दुसरा गट आवडतो, कारण "अहो कुत्रा कशाला, कुणीतरी जाऊन प्रेमाने बोललं तरी पुरे" हा आक्षेप त्यांनी अभ्यासातच घेऊन टाकला. २०२२ साली कॅनडातल्या सॅस्काटून इथल्या इमर्जन्सीमध्ये दहा मिनिटं कुत्र्याबरोबर बसलेल्या पेशंटनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं.

आणि आता उलटा पुरावा, जो आपले लोक सांगत नाहीत. कॅन्सर झालेल्या मुलांवर अमेरिकेतल्या ५ हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, १०६ मुलं, २०१८ला आला. मुलांच्या काळजीच्या आकड्यात कुत्रा येणाऱ्या आणि न येणाऱ्या गटांत फरक दिसला नाही. दिसला तो आईबापांच्या ताणात. माझ्या मते हा निकाल बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे आणि तो आपल्याकडे तर आणखीच लागू आहे, त्यावर पुढे येतोच.

जंतूंचं म्हणाल तर त्याच २०१८ला जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ४५ मुलं आणि ४ कुत्री घेऊन बघितलं. जी मुलं कुत्र्याशी जास्त खेळली त्यांच्या अंगावर एमआरएसए हा हट्टी जंतू सापडायची शक्यता जवळजवळ ६ पट. वाचून मी हादरलो होतो. पण कुत्र्यांना भेटीआधी क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने आंघोळ घातली आणि मधेमधे त्याच औषधाच्या वाइप्सनी पुसत राहिले तर हा धोका चांगलाच खाली आला. बऱ्याचदा कुत्रा तो जंतू घरून आणत नाही, या बेडवरून त्या बेडवर नेतो, म्हणजे जे काम डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आणि आपले न धुतलेले हात रोज करतात तेच. स्टेथोस्कोपवर बंदी घालत नाही आपण, पुसायला सांगतो.

अमेरिकेतल्या हॉस्पिटल इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ला यावर नियमच काढलेत. कुत्राच हवा, मांजर नको. वय किमान एक वर्ष. एका माणसाकडे एकच कुत्रा. कच्चं मांस खाणारा कुत्रा चालणार नाही (आपल्याकडे हल्ली 'रॉ डाएट'ची फॅशन आलीय त्यांनी ऐका). हात लावायच्या आधी आणि नंतर पेशंटने हात स्वच्छ करायचे. भेट तासाभराच्या वर नाही, आणि ही मर्यादा कुत्रा दमतो म्हणून. आपल्याला यात भर घालावी लागेल ती पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात लेप्टो असतो, साचलेल्या पाण्यातून चालत आलेला कुत्रा वॉर्डात नकोच, लस असली तरी. ते चार महिने सुट्टी द्या, शाळेला देतो तशी.

हे सगळं करायला हॉस्पिटलाला नवं खातं उघडावं लागत नाही. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था, तिचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलची कमिटी असतेच. त्या कमिटीसमोर हा विषय ठेवायला मार्केटिंगवाला नको, त्या कमिटीतली सिस्टर हवी. तिने नाही म्हटलं तर नाही.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि इथे परदेशातली पुस्तकं कामाला येत नाहीत. आपल्याकडे 'हॉस्पिटलात कुत्रा' म्हटलं की थेरपी डॉग कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही. येतो तो पेपरातला फोटो, सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या बेडवर वेटोळं करून झोपलेलं कुत्रं. ७ नोव्हेंबर २०२५ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, नसबंदी-लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथेच सोडू नका. त्या आदेशावर माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांनी पेढे वाटले आणि अर्ध्यांनी मेणबत्त्या लावल्या. मी त्या भांडणात पडत नाही, पण एवढं खरं की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या रेबीजच्या मृत्यूंतले सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. ज्या देशात कुत्रा चावल्यावर ०, ३, ७, १४, २८ असे दिवस लोकांना तोंडपाठ आहेत तिथे कुत्र्याला घाबरणारा पेशंट अडाणी नसतो, त्याचा अनुभव तसा असतो. त्याला "काही करत नाही हो" म्हणणं हा उद्धटपणा आहे. हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय, लिफ्टमध्ये, जिन्यात, आणि आता लाज वाटते.

म्हणून संमती. आणि ती सुद्धा खरी संमती, कुत्रा दारात उभा करून "आणू का आत?" विचारलं तर संकोचाने माणूस हो म्हणतो. आदल्या दिवशी सिस्टरने कुत्रा समोर नसताना विचारायचं, आणि शेजारच्या बेडलाही विचारायचं. घाबरणारे असतात, ॲलर्जीवाले असतात, सोवळ्यातल्या आजी असतात ज्यांना कुत्रा शिवलेला चालत नाही, आणि मुसलमान पेशंट असतात, आपले कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्यात कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने, असा नियम आहे, तो सलाइन लावलेल्या माणसाने बेडवर कसा पाळायचा? त्याच्या कॉटजवळून कुत्रा न्यायचाच नाही, एवढं सोपं आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि खंडोबाचं कुत्रं असतं, हे सगळं मला पाठ आहे, पण ते माझ्या देव्हाऱ्यात. दुसऱ्याच्या कॉटवर नाही.

आणि चावला तर? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाने ते वाचून यावं. मला तर वाटतं फॉर्मवरच छापावं.

"माणसांना बेड नाहीत आणि तुम्ही कुत्री घेऊन येताय." हा आक्षेप मी मनावर घेतो कारण तो खोटा नाही. ४० खाटांच्या वॉर्डात ६० पेशंट, वीस खाली गादीवर, तिथे कुत्रा न्यायचा हे वेडेपणाचं आहे, आणि "स्वयंसेवक आहोत, फुकट आहे" हेही साफ खोटं. सिस्टरचा वेळ जातो, पुसापुशी करावी लागते, कुणीतरी रजिस्टर ठेवावं लागतं. त्यामुळे वॉर्डात नकोच मुळी, निदान सुरुवातीला. आपल्या हॉस्पिटलातली सगळ्यात जास्त दुःखाची जागा वॉर्ड नाहीये असं माझं मत आहे, ती आहे वेटिंग हॉल. परदेशात पेशंट एकटा असतो, आपल्याकडे पेशंटबरोबर अख्खं घर येतं, आणि ते घर बाहेर बाकड्यावर बसतं, ऑपरेशन थिएटरच्या लाल दिव्याकडे बघत, बिलाच्या काउंटरवर नाव पुकारलं जायची वाट बघत, रात्री पेपर अंथरून. त्यांची विचारपूस कुणाच्याच ड्युटीत नाही. त्या १०६ मुलांच्या अभ्यासात ताण आईबापांचा उतरला होता ना, तर मग आपण सुरुवात तिथूनच का करू नये? वेटिंग हॉल, फिजिओथेरपी, वृद्धाश्रम. जखमा नाहीत, सलाइन नाही, जंतूंचा धोका कमी, आणि ज्याला नको असेल त्याला उठून चहा प्यायला जाता येतं, बेडवरच्या माणसाला ते जमत नाही.

पेढा नापास झाल्यावर मी काय केलं तर मी बिनकुत्र्याचा स्वयंसेवक झालो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, बँकेतून रिटायर, त्यांची राणी पास झाली. राणी म्हणजे काळी गावठी कुत्री, रस्त्यावरची, नसबंदीवाल्यांनी कानाला पाडलेली खाच अजून दिसते. ट्रे पडला तेव्हा तिने फक्त मान वळवून बघितलं की कोण पाडतंय. ब्रीडवाल्यांनो, घ्या. कुत्र्याला घेऊन येणाऱ्याने फक्त कुत्र्याकडे बघायचं असतं, त्यामुळे माणसांकडे बघायला दुसरं कुणीतरी लागतं, तो मी. माझ्याकडे सॅनिटायझर, वाइप्स, एक चादर आणि रजिस्टर.

आम्ही दर गुरुवारी जातो, एका सेंटरच्या वेटिंग हॉलमध्ये. पहिले दोन गुरुवार कुणी जवळ आलं नाही, लोक आमच्याकडे पोलीस आल्यासारखं बघत होते. तिसऱ्या वेळी जालन्याकडचे एक गृहस्थ, पांढरी टोपी, बायको आत फिजिओला, ते आधी लांबून म्हणाले, "चावतं का?" काकू म्हणाल्या, "आजवर नाही चावली, पण तुम्हाला नको असंल तर आम्ही तिकडं बसतो." ("काही करत नाही" म्हणायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.) ते सरकत सरकत आले, हात चोळून घेतले सॅनिटायझरने, आणि राणीच्या मानेवर हात ठेवला तो ठेवलाच. "आमच्या वस्तीवर बी एक हाये असंच. काळंच. म्या इकडं आल्यापून दारातच बसून ऱ्हातंय म्हने." मग थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले की बायकोला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते कुत्रंच भुंकत शेतात आलं होतं बोलवायला, आणि मग पुढे बिलाचं, मुलाचं, विकायला काढलेल्या म्हशीचं, सगळं एका दमात, माझ्याकडे नाही, काकूंकडे नाही, राणीच्या डोक्याकडे बघत. मी मधे काही बोललो नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांचं अजून चालू होतं, पण राणीने जीभ नाकावरून फिरवली, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि जांभई दिली. काकू उठल्या. "दमली ती," एवढंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं, खरं सांगतो, वाटलं पाच मिनिटं थांबलं असतं तर काय बिघडलं असतं. त्या गृहस्थांना मात्र वाईट वगैरे वाटलं नाही, ते म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या, मुकं जनावर ते, आपल्यासारखं बसून ऱ्हायला त्येला काय पडलंय," आणि स्वतःच वाइप मागून हात पुसले.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे, 'भेट का थांबवली'. पेट डेवाल्यांकडे असा रकाना नव्हता. मी लिहिलं: राणी, आत ४.१०, बाहेर ४.३५, भेटलेले १, कारण जांभई.